केक फसला, नाताळ साजला!

मैत्रिणींनो, दिवाळीत तुमच्या करंज्या तेलात उकलतात का? उकलत असतील, तर हा लेख खास तुमच्यासाठी. आणि उकलत नसतील, तर तुमची युक्ती मला जरूर कळवा. कारण तुमची दिवाळी संपून फराळाचे डबे घासून फळीवर पालथे पडतात, तेव्हा आमच्या घरी करंज्यांचा हंगाम सुरू व्हायचा असतो!

आम्ही नगरचे मराठी ख्रिस्ती. (कागदोपत्री आमचं गाव २०२४ पासून अहिल्यानगर झालं आहे, पण तोंडात अजून 'नगर'च बसलेलं आहे.) शेजारपाजारच्या बायका मला नेहमी विचारतात, "तुमच्यात नाताळला नुसता केकच असतो ना? मग बरं आहे बाई, एक केक आणला की झालं!" हे ऐकलं की हसावं की रडावं ते कळत नाही. अहो, १८३१ साली नगरात अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं, तेव्हापासून इथल्या ख्रिस्ती घरांत कितीतरी पिढ्या झाल्या. पण भाषा मराठी, साडी मराठी आणि सणाचं ताटही मराठीच! लाडू, चकल्या, चिवडा, शंकरपाळे, करंज्या हे सगळं आम्हाला करावं लागतंच. वर तो केक! चर्चमध्ये आम्ही रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर म्हणतो. 'नाताळ' हा शब्द तेवढा पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ जन्मदिवस.

तर असा हा सण. गेल्या डिसेंबरात तो माझ्या घरी कसा आला आणि येताना त्यानं माझी कशी त्रेधातिरपीट उडवली, ते आज सांगणार आहे. फजिती सांगायला लाज कसली? तुमच्याही स्वयंपाकघरात असं काही झालंच असेल. फक्त आपण सांगत नाही, इतकंच!

मीच करीन सगळं!

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. अर्धवेळ म्हणजे पगार अर्धा, काम पुरतं! डिसेंबरात शाळेचं स्नेहसंमेलन, चाचणीचे पेपर आणि घरी नाताळ, सगळं एकदमच येतं. यांची नोकरी फिरतीची. घरात तेरा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात. आणि गेल्या वर्षीचा नाताळ हा सासरे गेल्यानंतरचा आमचा पहिलाच नाताळ.

सासरे होते तेव्हा नाताळचं सूत्र त्यांच्या हाती असायचं. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ते माळ्यावरून बांबूच्या कामट्यांची मोठी चांदणी काढायचे. तिला नवा पतंगी कागद लावून दारावर टांगायचे. आणि नाताळच्या दुपारी दोन्ही मुलं, दोन्ही सुना, नातवंडं एका पंक्तीला बसली पाहिजेत, हा त्यांचा कायदा. आम्ही दोघी जावा दोन वर्षांपूर्वी वेगळ्या झालो. घराच्या वाटणीवरून थोडी कुरबुर झाली होती. अबोला नव्हता, पण बोलणं "कशा आहात? बऱ्या आहात ना?" एवढ्यावर येऊन थांबलं होतं. सासऱ्यांच्या कायद्यापुढं मात्र कुणाचं चालत नसे.

ते गेले आणि त्या पंक्तीचं काय करायचं, हे कुणी बोलेना. मी मनाशी म्हटलं, आपण आपला नाताळ नीट करू. काही कमी पडलं, असं कुणी म्हणायला नको. सासूबाईंना तर मी काडीही उचलू द्यायची नाही असं ठरवलं. "आई, तुम्ही बसा, मी करते," हे वाक्य मी त्या महिन्यात किती वेळा म्हटलं असेन, त्याची गणती नाही.

पहिली फजिती : चांदणी

वीस तारखेला माझ्या मुलानं हौसेनं आजोबांची चांदणी काढली, स्वतः कागद लावला. त्यात घालायला खणातला जुना साठ वॅटचा दिवा शोधून काढला. संध्याकाळी चांदणी लागली, आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं आणि तासाभरानं जळका वास आला. कागद दिव्याला टेकला होता. एक बाजू तपकिरी होऊन तिला चक्क भोक पडलं होतं. बटण वेळेवर बंद केलं म्हणून निभावलं. पण मुलगा हमसाहमशी रडला. आजोबांची चांदणी जाळली, म्हणाला.

मैत्रिणींनो, तुमच्या आकाशकंदिलालाही हे लागू आहे. जुन्या तारेच्या दिव्याची बरीचशी वीज उष्णतेतच जाते, म्हणून तो एवढा तापतो. कागदी कंदिलात कमी वॅटचा एलईडी दिवाच लावा. तोही कागदाला टेकू देऊ नका. वायरचा जोड उघड्यावर, दवात राहणार असेल, तर तो इलेक्ट्रिशियनकडून नीट करून घ्या. नुसती चिकटपट्टी गुंडाळून भागत नाही. आणि झोपण्यापूर्वी बटण बंद!

दुसरी फजिती : केक

बावीस तारखेला केक. मनुका, टूटीफ्रूटी, संत्र्याची साल आदल्या रात्री संत्र्याच्या रसात भिजवून फ्रिजमध्ये ठेवली होती. सगळं कसं मोजूनमापून! भांडं ओव्हनमध्ये ठेवलं आणि विसाव्या मिनिटाला लाइट गेली. आता अशा वेळी शहाणी बाई काय करील? ओव्हनचं दार बंद ठेवील. मी काय केलं? दर पाच मिनिटांनी दार उघडून बघितलं! अर्ध्या तासानं लाइट आली, तोवर केकच्या मधोमध छान खळगा पडला होता. वरून तो भाजला, मध्ये मात्र गिच्च.

त्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे कबूल करते. केकसाठी नाही हो. केकची किंमत ती काय! पण 'काही कमी पडायला नको' असं ठरवलं होतं ना, म्हणून.

आता थोडं कामाचं. केक मधे बसतो, तो बहुधा तीन कारणांनी : पुरता भाजण्याआधी दार उघडलं तर, बेकिंग पावडर जास्त पडली तर, किंवा मिश्रण भांड्यात घालून ताटकळत ठेवलं तर. वरून तडकला, तर ओव्हन फार तापला होता असं समजा. मनुका तळाशी गेल्या, तर मिश्रण पातळ झालं असेल. मनुका कोरड्या पुसून चमचाभर मैद्यात घोळवून घाला. लाइटचा भरवसा नसेल, तर आपला जुना कुकर आहेच. तळाशी मीठ पसरायचं, त्यावर जाळी किंवा वाटी, शिट्टी आणि रिंग दोन्ही काढून झाकण ठेवायचं, पाणी अजिबात घालायचं नाही. दहा मिनिटं तापवून केकचं भांडं आत ठेवा आणि मंद आचेवर भाजा. सुरी खुपसून ती कोरडी निघाली की झाला.

आणि फसलेला केक टाकून द्यायचा नाही! कच्चा भाग काढून टाका. भाजलेल्याचे तुकडे काचेच्या भांड्यात पसरा, वर गार कस्टर्ड आणि संत्र्याच्या फोडी घाला. फ्रिजमध्ये ठेवलेलं हे गोड दुसऱ्या दिवशी पाहुण्यांपुढं ठेवलं, तर केक फसला होता हे तुमच्याशिवाय कुणालाही कळणार नाही.

तिसरी फजिती : ती मात्र फजिती नव्हती

तेवीस तारखेची रात्र. अकरा वाजून गेले होते. चाचणीचे शेवटचे पेपर तपासून मी करंज्यांना बसले. पारी लाटून झाली, सारण भरून झालं, कढईत तेल तापत ठेवलं. तेल तापेपर्यंत दोन मिनिटं टेकावं म्हणून खुर्चीवर बसले. मैत्रिणींनो, माझा डोळा लागला.

जाग आली ती मुलाच्या हाकेनं. तो पाणी प्यायला उठला होता. कढईतून ज्वाळा वर येत होत्या. आणि माझा मुलगा, शहाणं लेकरू, आग विझवायला पाण्यानं भरलेला तांब्या हातात घेऊन ओट्याकडं निघाला होता.

"पाणी नको!"

ओरडल्या त्या सासूबाई. गुडघे दुखणाऱ्या माझ्या सासूबाई दारात उभ्या होत्या. "आधी गॅस बंद कर. कढईला हात लावू नकोस. ती परात घाल वरून, कडेनं सरकवत!" मी यंत्रासारखं तसंच केलं. बटण बंद केलं, पितळी परात बाजूनं सरकवत कढईवर घातली. ज्वाळा आत कोंडल्या. पाच-सहा क्षणांत सगळं शांत. भिंत काळी झाली होती, माझं मनगट भाजलं होतं आणि मुलाच्या हातातला तांब्या थरथरत होता.

तो तांब्या कढईत रिकामा झाला असता तर? हा विचार आजही माझी झोप उडवतो. म्हणून हे पुढचं कृपा करून दोनदा वाचा आणि घरातल्या मुलांनाही वाचून दाखवा.

जळत्या तेलावर पाणी कधीही घालू नये. पाणी तेलापेक्षा जड. ते तळाशी जातं, तिथं क्षणात त्याची वाफ होते आणि ती वाफ जळतं तेल चहूकडं उडवते. गॅस बंद करावा, मोठं धातूचं झाकण किंवा परात कडेनं सरकवत ठेवावी, आणि कढई पुरती गार होईपर्यंत झाकण उचलू नये. कढई उचलून मोरीकडं धावू नये. आग झाकणाच्या आटोक्यातली नसेल, तर सगळ्यांना घराबाहेर काढून १०१ किंवा ११२ ला फोन करावा. गॅस गळतीचा वास आला, तर विजेचं कुठलंही बटण दाबू नये. रेग्युलेटर बंद करावा, दारं-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावं. मुख्य म्हणजे तापत्या तेलापासून हलू नये. तेल पेटण्याआधी धूर सोडतं, तोच इशारा.

भाजलं, तर त्यावर टूथपेस्ट, हळद, तूप, बर्फ यांतलं काहीही लावायचं नाही. नळाच्या गार वाहत्या पाण्याखाली तो भाग वीस मिनिटं धरायचा. बांगड्या-अंगठ्या सूज येण्याआधीच काढायच्या. फोड फोडायचा नाही. भाजलेला भाग तळहाताहून मोठा असेल, चेहऱ्यावर असेल किंवा लहान मूल भाजलं असेल, तर लगेच डॉक्टरांकडं न्यायचं. आणि तळणाला बसताना सुती साडी, पदर घट्ट खोचलेला!

सासूबाईंचं म्हणणं

मनगट पाण्याखाली धरून मी उभी होते. सासूबाई माझ्या शेजारी स्टूल ओढून बसल्या. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "महिनाभर मी बसून आहे. तू मला एकदा तरी म्हणालीस का, आई, चार करंज्या भरून देता का?"

मी म्हटलं, "तुमचे गुडघे दुखतात, आई. तुम्हाला त्रास नको म्हणून..."

"गुडघे गेलेत. हात कुठं गेलेत माझे?" त्या म्हणाल्या. "ते गेले, तेव्हापासून मला सगळे बसवूनच ठेवतात. सणाच्या घरात नुसतं बसून राहणं काय असतं, ते तुला नाही कळायचं."

मैत्रिणींनो, मनगटापेक्षा हे जास्त पोळलं. मी त्यांना जपत होते की माझ्या सणाचं श्रेय जपत होते? तुम्हीच सांगा. आपण बायका 'तुम्ही बसा, मी करते' असं किती सहज म्हणतो! त्यात माया असते, नाही असं नाही. पण 'माझ्यावाचून कुणाचं अडत नाही, असं व्हायला नको' ही गुपचूप हौसही असते. मग रात्री अकराला तेल तापत ठेवून खुर्चीवर डुलकी लागते.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "आणि थोरलीला फोन कर. तेही तू मला विचारायची वाट बघत होते मी."

मी म्हटलं, "घराची ही दशा, भिंत काळी, केक फसलेला, चांदणी जळलेली. अशा घरात बोलवायचं त्यांना?"

सासूबाई हसल्या. "अगं, पहिला नाताळ कुठं झाला? सरायत जागा नव्हती. बाळाला गव्हाणीत ठेवलं. त्या माऊलीनं आधी रंगरंगोटी करून घेतली होती का?"

यावर काय बोलणार! लहानपणापासून ही गोष्ट मी दर डिसेंबरात ऐकते. शब्बाथशाळेच्या नाटकात तीन वर्षं मरियेचं काम केलं आहे. पण ती बाई परगावात, दिवस भरलेले, धड अंथरूण नाही, अशा गैरसोयीत होती, हे माझ्या त्या रात्री प्रथम ध्यानात आलं.

चोवीस तारीख

सकाळी फोन केला. "ताई, आज येता का? माझा हात भाजलाय आणि निम्म्या करंज्या राहिल्यात."

पलीकडं क्षणभर शांतता. मग ताई म्हणाल्या, "पंधरा दिवस झाले, रोज फोनकडं बघतेय. मला वाटलं, तुम्हाला यंदा आम्ही नको आहोत."

तासाभरात त्या आल्या. ताईंचं माहेर मडगावचं. येताना कुलकुलचं पीठ मळून आणलं होतं आणि सोबत चार काटे. नारळाच्या दुधात मळलेल्या पिठाच्या बोराएवढ्या गोळ्या काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायच्या, तळायच्या आणि साखरेच्या पाकात घोळवायच्या. दुसऱ्या डब्यात दोदोल होतं. डबा उघडून त्या म्हणाल्या, "हसू नका हं. आटवता आटवता तळाला लागलंय. वरचं वरचं काढून आणलंय." आम्ही दोघी इतक्या हसलो, की सासूबाई आतून विचारायला लागल्या, काय झालं म्हणून!

मग सासूबाई करंज्या भरायला बसल्या. त्यांच्या भरलेल्या एकाही करंजीनं तोंड उघडलं नाही. युक्ती अशी : सारण गार आणि कोरडं हवं, भरताना पाऊण चमचा कमीच घालायचं, कडेला दुधाचं बोट फिरवून आधी दाबायचं आणि मगच मुरड घालायची. भरलेल्या करंज्या ओलसर फडक्याखाली ठेवायच्या. वाळल्या की उकलतात. तळून पुरत्या गार झाल्याशिवाय डब्यात भरायच्या नाहीत. नाहीतर वाफेनं मऊ पडतात.

मुलं कुलकुल वळत होती. यांनी आणि भावजींनी भिंत पुसायला घेतली. डाग पूर्ण गेला नाही. मग सासूबाईंनी चांदणी मागवली. मुलगा मान खाली घालून घेऊन आला. त्यांनी जळका कागद फाडला, कामट्या एकेक करून चाचपून पाहिल्या आणि त्याला म्हणाल्या, "कामट्या शाबूत आहेत की रे! कागद तर आजोबा दरवर्षी नवाच लावायचे." दोघा भावांनी खळ शिजवली, नातवंडांनी कागद कापला. चांदणीचं एक टोक जरा वाकडं झालं. पण रात्री चर्चची मंडळी पेटी-ढोलकी घेऊन गाणी म्हणत दारी आली, तेव्हा ती चांदणी लागलेली होती.

पंचवीसला उपासनेनंतर सगळे एका पंक्तीला बसलो. फसलेल्या केकचं गोड मी वाढलं. 'वा वा' कुणी केलं नाही, पण भांडं रिकामं परत आलं. सुगरणीला आणखी काय हवं!

यंदाचं वेळापत्रक

या वर्षी मी कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं आहे. तुम्हालाही दिवाळीला, गौरी-गणपतीला ते उपयोगी पडेल.

पहिला आठवडा : चांदणी आणि वायर तपासणी. काम मुलांचं, पण मोठ्यांच्या देखरेखीखाली.

दुसरा आठवडा : चिवडा, शंकरपाळे, चकलीची भाजणी. हे पदार्थ टिकतात, शेवटच्या दिवसासाठी ठेवू नयेत.

तिसरा आठवडा : करंज्या आणि कुलकुल, सासूबाई आणि ताईंसह, भर दुपारी. रात्री नऊनंतर तळण बंद, म्हणजे बंद!

केक : नाताळच्या चार दिवस आधी, म्हणजे फसला तर दुसरा करता येतो.

आणि सर्वांत वर, लाल शाईनं : 'विचारा.' घरात जे हात रिकामे आहेत, त्यांना विचारा. ज्यांच्याशी बोलणं तुटक झालंय, त्यांनाही विचारा. पलीकडं कुणीतरी रोज फोनकडं बघत असेल.

स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा तो काळा डाग अजून तसाच आहे. यांनी रंगारी बोलावायचं दोनदा काढलं. मीच नको म्हटलं. तेल तापत ठेवलं की माझी नजर आधी तिकडं जाते आणि मग मी खुर्ची ओढत नाही. सासूबाईंना हाक मारते.